फेअरी गार्डनसाठी कोणती फुलझाडं निवडाल?

पसरट कुंडीत इवलंसं घर, खड्यांची पायवाट आणि भोवती चिमुकली फुलझाडं, अशी 'फेअरी गार्डन' घराच्या बाल्कनीतही करता येते. मात्र नर्सरीत दिसेल ते रोप उचललं, तर काही आठवड्यांत घरच झाडीत गडप होतं. मग निवड कशी करायची?

आधी पान पाहा: फुलं येतात-जातात, पानं कायम राहतात. पान बारीक असेल तरच रोप त्या घराशेजारी 'झाड' वाटतं. बारीक पानांचं, जांभळ्या फुलांचं कुफिया यासाठी उत्तम. ते छाटणीही सोसतं. मिनिएचर गुलाबाचं फूल लहान असलं, तरी झाड फूटभर किंवा त्याहून उंच होतं.

ऊन किती? भरपूर ऊन असेल तर ऑफिस टाइम आणि कुफिया, अर्धवट सावलीत टोरेनिया. हिवाळ्यात एलिसम पांढऱ्या, सुवासिक फुलांचा गालिचा घालतं. कडक उन्हाळ्यात मात्र मान टाकतं.

पाण्याची गरज सारखी हवी: ऑफिस टाइमची मांसल पानं पाणी साठवतात, टोरेनियाला सतत ओलावा लागतो. दोन्ही एकाच कुंडीत लावल्यास एक कुजेल किंवा दुसरं सुकेल. कुंडीला तळाशी छिद्र हवंच, विशेषतः पावसाळ्यात.

मुलं, मांजर घरात आहे? बुटक्या युफोर्बियाचा चीक त्वचेला आणि डोळ्यांना त्रासदायक असतो. कलांचो मांजर-कुत्र्यांसाठी विषारी आहे. कितीही गोंडस दिसली, तरी ही दोन रोपं टाळा.