बॉम्ब नशिबाने मिळत नाही

दुबलगुंडीहून हुमनाबादला येऊन कलबुर्गीची डेमू धरली की डब्यात कुणाच्या ना कुणाच्या मोबाईलवर रंगीत गोळ्या फुटत असतात. बीदर–कलबुर्गी रेल्वे 2017 च्या ऑक्टोबरात सुरू झाली, या गोळ्यांचा खेळ, कँडी क्रश, त्याच्या पाच वर्षं आधी, 2012 मध्ये आला. या भागात खेळणारे आपसात मराठी बोलोत, कन्नड बोलोत की दखनी, गैरसमज मात्र सगळ्यांचे सारखेच. पहिला आणि सगळ्यात पक्का म्हणजे बॉम्ब मिळायला नशीब लागतं.

वरून कुठल्या रंगाची गोळी पडेल हे आपल्या हातात नाही, एवढं खरं. पण खास गोळी घडते ती पडलेल्या गोळ्यांच्या मांडणीतून, आणि ती मांडणी नजरेला सवय झाली की दिसते. एका रंगाच्या चार गोळ्या सरळ रेषेत आल्या की पट्ट्याची गोळी, पाच गोळ्या काटकोनात किंवा इंग्रजी टीसारख्या जुळल्या की कागदात गुंडाळलेली, आणि पाच सरळ रेषेत आल्या की कलर बॉम्ब. नियम सगळ्यांना पाठ असतात. तरी बहुतेक जण चौथी जोडायला सलग तीन लाल शोधत बसतात. तिथेच गाडी चुकते, कारण पटावर तीन लाल सलग टिकतच नाहीत, त्या जुळताक्षणी फुटतात.

शोधायची असते ती मधली जागा. समजा, एका ओळीत लाल, लाल, निळी, लाल, लाल अशा गोळ्या आहेत आणि निळीच्या डोक्यावर एक लाल बसली आहे. ती खाली ओढली की बॉम्ब तयार. निळी अगदी मधेच का हवी? ती टोकाला असती तर उरलेल्या चार लाल सलग आल्या असत्या, दुसऱ्या घरात असती तर तीन सलग आल्या असत्या, आणि दोन्ही वेळेला त्या कधीच फुटून गेल्या असत्या. म्हणून हाताने बॉम्ब करायचा तर दोन, खिंडार, दोन हा एकच नमुना. पट्ट्याच्या गोळीसाठी दोन, खिंडार, एक. गुंडाळलेलीसाठी खिंडार नेहमी कोपऱ्यात किंवा सांध्यावर, जिथे दोन बाजू मिळतात तिथे. अधिक चिन्हासारखी पाच गोळ्यांची मांडणी हाताने होतच नाही. मधली गोळी शेजारून आणावी लागते, आणि चारही शेजारी त्या मांडणीतच अडकलेले असतात. ती जुळली तर वरून गोळ्या घसरताना आपोआपच.

याच हिशेबातून पट्ट्यांचा घोळही सुटतो. आडव्या चार जुळवल्या की आडवा पट्टा मिळेल, असं कितीतरी जणांना वाटतं. कँडी क्रशमध्ये होतं उलटं. पट्टा चार गोळ्यांच्या रेषेवर ठरत नाही, आपण बोट ज्या दिशेने फिरवलं तिच्यावर ठरतो. आडव्या ओळीतलं खिंडार वरून किंवा खालूनच भरता येतं, म्हणून पट्टे उभे येतात आणि ती गोळी पुढे उभी रांग साफ करते. तळातली आडवी ओळ फोडायची असेल तर उभ्या रांगेतच चार जुळवायला हव्यात. खास गोळी आपण हलवलेल्या गोळीच्या जागी बसते, तेव्हा ती कुठे हवी हेही आधीच ठरवता येतं. हे ज्याला कळलं त्याला एखाद्या लेव्हलला साधी पट्ट्याची गोळी बॉम्बपेक्षा जास्त कामाची वाटू लागते.

‘कायम खालूनच खेळायचं’ हा सल्ला तर जो तो देतो. खालून फोडलं की वरचा सगळा डोलारा हलतो आणि फुकटात काहीतरी जुळतं, त्यामुळे सुरुवातीला तो ठीक आहे. पण वर बॉम्बची मांडणी जमत आली असेल तर हाच सल्ला घात करतो. खाली तीन आडव्या फोडल्या की तीन उभ्या रांगा एकेक घर खाली येतात. पाचाची मांडणी पाच रांगांवर पसरलेली, त्यातल्या तीन घसरल्या आणि दोन जागच्या जागी राहिल्या की खेळ विस्कटलाच. अशा वेळी मांडणीच्या वरच्या अंगाला खेळावं, खालचं काही हलत नाही. उलट हवी ती गोळी तीन घरं वर अडकली असेल तर तिच्याखाली त्याच रांगेत तीन उभ्या फोडाव्यात, ती बरोबर तीन घरं खाली येते. इथे नशिबाचा संबंधच येत नाही.

थोडा वेळ बोट थांबलं की पटावर एक जोडी हलायला लागते. खूप जण ते गुरुवाक्य मानतात. ती फक्त एवढंच सांगते की इथे एक चाल आहे. ती शहाणपणाची आहे असं कुणी म्हटलेलं नाही.

बॉम्ब मिळाला की तो लगेच शेजारच्या साध्या गोळीला भिडवायची घाई मात्र मला बघवत नाही. नऊ बाय नऊचा पूर्ण पट म्हणजे 81 घरं. सहा रंग असतील तर एका रंगाच्या सरासरी तेरा-चौदा गोळ्या, आणि साध्या गोळीने तेवढ्याच जातात. तोच बॉम्ब पट्ट्याच्या गोळीला भिडवला तर त्या तेरा-चौदाही पट्ट्याच्या होतात आणि प्रत्येक गोळी एकेक ओळ किंवा रांग घेऊन जाते. पट्ट्याची आणि गुंडाळलेली एकत्र आली तर तीन ओळी आणि तीन रांगा एकदम. दोन बॉम्ब भिडले तर सगळा पट. अर्थात दोनच चाली उरल्या असतील तर हातातलं वापरून मोकळं व्हावं.

‘लहान मुलांचा खेळ’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती. टोबी वॉल्श या संगणकशास्त्रज्ञाने 2014 मध्ये सिद्ध केलं की कँडी क्रश, त्याचं सर्वसाधारण रूप घेतलं तर, एनपी-हार्ड आहे. म्हणजे पट वाढत गेला की उत्तम चाल हमखास आणि झटपट काढून देणारी रीत आजवर कुणालाही सापडलेली नाही. इटलीतल्या तिघा संशोधकांनीही त्याच वर्षी अशा खेळांबद्दल तेच दाखवलं.

राहिला पैशाचा प्रश्न. घरातली वडीलधारी मंडळी याला रमीच्या पंक्तीला बसवतात. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात बंदी आली ती पैसे जिंकण्याच्या आशेने पैसे लावायच्या खेळांवर. कँडी क्रशमध्ये जिंकायला पैसे नसतातच. पण खिशातून जाऊ शकतात, हेही तितकंच खरं. पाच लाइफ संपल्या की दर अर्ध्या तासाला एक परत येते, म्हणजे पाची भरायला अडीच तास. तेवढा दम निघत नाही आणि शेवटच्या चालीला एकच गोळी उरते, तेव्हा पाच जादा चालींचं बटण समोर येतं. ते दाबण्याआधी पटावर दोन, खिंडार, दोन कुठे दिसतंय का ते बघावं. दिसत नसेल तर त्या पाच चालीही तशाच जाण्याची शक्यता जास्त.