बुरशी म्हणजे रोगच? आधी समजून घ्या

बडोद्यात कॉफीचे मळे होणार नाहीत. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तिथे अरेबिका तग कशी धरणार? ती चिखलदऱ्यासारख्या थंड, उंचावरच्या जागी होते. तरी सावलीच्या गॅलरीत हौसेनं कॉफीचं रोप वाढवणारे इथेही आहेत, आणि त्यांना हमखास एक सल्ला मिळतो.

गैरसमज : बुरशी म्हणजे रोग. मुळांसोबत राहणारी मायकोरायझा बुरशी टाकलीत तरी खबरदारी म्हणून कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचं पाणी घालाच.

वस्तुस्थिती : किती वेळा सांगायचं? भीती निराधार नाही, हे मान्य. कॉफीच्या पानांवरचा तांबेरा बुरशीमुळेच येतो, आणि कोवळ्या रोपाची मान कुजवणारी रायझोक्टोनियाही बुरशीच. पण मायकोरायझा मुळात शिरते ती देवाणघेवाणीसाठी. ती झाडाकडून साखर घेते आणि त्याला स्फुरद आणून देते. स्फुरद मातीत जागचा हलत नाही. कॉफीच्या आम्लयुक्त लाल जमिनीत लोह आणि ॲल्युमिनियम त्याला धरून ठेवतात, आपल्याकडच्या काळ्या जमिनीत चुना. मुळाच्या भोवतीचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरमधला साठा लवकर संपतो. बुरशीचे तंतू त्यापलीकडे काही सेंटीमीटर पोचतात.

आता कार्बेन्डाझिमचं. मायकोरायझा नसेल तर पिकाचं काय होतं हे तपासण्यासाठी संशोधक शेतातली ही बुरशी मुद्दाम दाबतात, आणि त्यासाठी वर्षानुवर्षं बेनोमिल हे बुरशीनाशक वापरत आले आहेत. बेनोमिलचं मातीत कार्बेन्डाझिमच होतं. म्हणजे एका हातानं पेरायचं आणि दुसऱ्या हातानं मारायचं! मानकूज टाळायची तर आधी पाणी आवरा, निचरा सुधारा. रोग खरोखर दिसला तर औषध जरूर वापरा.

मायकोरायझा द्यायची वेळही महत्त्वाची. कॉफीचं बी रुजायला साधारण दीड महिना लागतो. कोंब वर येतो तेव्हा बी त्याच्या डोक्यावर टोपीसारखं असतं. या ‘टोपी’ अवस्थेत रोप पिशवीत हलवतात. तेव्हाच पिशवीतल्या मातीत केलेल्या खड्ड्यात, मुळाला थेट लागेल अशी मायकोरायझा घाला. नुसती वरून भुरभुरवून उपयोग नाही.

आणखी काही गैरसमज

*शेणखतावरचा पांढरा थर म्हणजे मायकोरायझा.* नाही, ती कुजवणारी बुरशी. मायकोरायझा पाहायची तर मूळ रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरावं लागतं.

*ट्रायकोडर्मा आणि मायकोरायझा एकच.* ट्रायकोडर्मा मुख्यतः रोगकारक बुरशींशी लढते. स्फुरद आणून देणारी ही बुरशी वेगळी.

*सोबत भरपूर डीएपी दिलं की दुप्पट फायदा.* उलट. स्फुरद आयता मिळाला की झाड या बुरशीला फारसा थारा देत नाही.

*सगळ्या पिकांना चालते.* कोबी, मुळा, मोहरी, पालक यांना तिचा उपयोग नाही.

*पाकीट आणलं की काम झालं.* ‘न्यू फायटॉलॉजिस्ट’मध्ये 2024 साली जगभरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. बाजारातली बहुतेक उत्पादनं त्यात अपुरी ठरली.

म्हणून घेताना उत्पादनाची तारीख, मुदत आणि बीजाणूंचं प्रमाण वाचा. उन्हात तापलेलं पाकीट घेऊ नका. आणि दुकानदारानं सोबत ‘खबरदारीचं’ बुरशीनाशक पुढे केलं, तर ते तिथेच परत करा.