पदवीची पारख



आजचा विषय ऐकून एका स्नेह्यांनी मला वाटेतच गाठले. म्हणाले, "घरबसल्या मिळणारी एम.बी.ए. खरी की खोटी, एवढेच एका वाक्यात सांगा." एका वाक्यात उत्तर देता आले असते तर व्याख्यानाची गरजच नव्हती. ऑनलाइन पदवी खरीही असते आणि खोटीही असते. ती ओळखायची कशी, एवढेच आज पाहू.

जाहिरातीत 'मान्यताप्राप्त' हा एकच शब्द ठळक छापलेला असतो. त्या एका शब्दात तीन निरनिराळे प्रश्न दडलेले असतात आणि एकाचे उत्तर दुसऱ्याला चालत नाही.

पहिला प्रश्न, पदवी देण्याचा अधिकार कोणाला? १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याचे बाविसावे कलम स्पष्ट आहे. केंद्राच्या वा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ, किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था, यांनाच पदवी देता येते. हा प्रश्न गुणवत्तेचा नव्हे, अधिकाराचा आहे. अहमदाबाद आणि कलकत्त्याच्या व्यवस्थापन संस्था १९६१ साली निघाल्या. त्यांच्या गुणवत्तेविषयी कोणी शंका घेतली नाही, तरी त्या वर्षानुवर्षे पदविकाच देत होत्या. पदवीचा अधिकार त्यांना २०१७ च्या कायद्याने मिळाला. उलट, छत्तीसगडात २००२ च्या एका कायद्याच्या आधारे शंभरावर खाजगी विद्यापीठे नुसत्या अधिसूचनांनी उभी राहिली. फेब्रुवारी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातील मूळ कलमेच रद्द केली आणि विद्यापीठे नाहीशी झाली.

दुसरा प्रश्न असा की, हा अभ्यासक्रम या पद्धतीने शिकवण्याची परवानगी आहे काय? येथे भलेभले फसतात, कारण विद्यापीठ खरे असते. नोव्हेंबर २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहा. काही अभिमत विद्यापीठांनी आवश्यक मंजुरीवाचून पत्रद्वारा अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या आणि त्यांच्यापुढे नव्याने परीक्षा देण्याची अट आली. नंतरच्या तुकड्यांच्या पदव्या तर रद्दच ठरल्या. चूक संस्थांची, भोग मात्र त्या पदवीवर नोकरी करीत असलेल्या संसारी माणसांच्या वाट्याला आले.

व्यवस्थापनाचे शिक्षण ऑनलाइन देण्यास मनाई नाही. २०२० च्या नियमांनी त्याची चौकट घालून दिली आहे. अशा अभ्यासक्रमांची यादी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर मिळते. त्या यादीत आपले विद्यापीठ, आपला अभ्यासक्रम आणि आपले प्रवेशाचे वर्ष, या तिन्ही गोष्टी एकत्र सापडल्या पाहिजेत. दोन सापडल्या आणि तिसरी नसली तर थांबावे. शिवाय विद्यापीठाला आपला अभ्यासक्रम दुसऱ्याकडे ठेक्याने चालवायला देता येत नाही. म्हणून दूरध्वनीवर गोड बोलणारा 'समुपदेशक' विद्यापीठाचा आहे की एखाद्या कंपनीचा, हेही विचारून घ्यावे.

तिसरा प्रश्न गुणवत्तेचा, आणि अधिस्वीकृती म्हणतात ती हीच. १९९४ साली स्थापन झालेली 'नॅक' ही परिषद संस्थेची पाहणी करून तिचे मूल्यमापन करते. २०२० च्या नियमांनी ऑनलाइन शिक्षणासाठी चारपैकी ३.०१ गुण, किंवा राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरांत स्थान, अशी अट ठेवली. पण ही श्रेणी सगळ्या संस्थेची असते, आपण निवडलेल्या अभ्यासक्रमाची नव्हे. ती देणारीही माणसेच. २०२५ च्या फेब्रुवारीत पाहणी समितीतील काही सदस्यांना लाच प्रकरणात अटक झाली, हे विसरता येत नाही. म्हणून श्रेणी पाहावी, पण शिक्षक कोण, परीक्षा कशी होते आणि अर्धवट सोडून जाणारे किती, हेही विचारावे.

सराफाच्या दुकानाचा परवाना, त्याच्या मालावरचा शिक्का आणि दागिन्याची घडण, या तीन गोष्टी आपल्या गृहिणी कधी एक समजत नाहीत. तीच सावधगिरी येथे हवी.

परदेशी पदव्यांची गोष्ट थोडक्यात सांगतो. अमेरिकेत अधिस्वीकृती देणाऱ्या संस्था खाजगी असतात. त्यामुळे अधिस्वीकृती आहे काय, एवढे विचारून भागत नाही. ती देणाऱ्या संस्थेला कोणी मान्यता दिली, हेही विचारावे लागते. २०१५ साली कराचीच्या 'अ‍ॅक्झॅक्ट' कंपनीचे प्रकरण उजेडात आले. तिने बनावट विद्यापीठांबरोबर त्यांना प्रमाणित करणाऱ्या बनावट संस्थाही उभ्या केल्या होत्या! 'आयएसओ प्रमाणित' या शब्दांनीही भुलू नये. ते प्रमाणपत्र कारभाराच्या पद्धतीचे असते, विद्येचे नव्हे.

कारकुनी करून रात्री अभ्यास करणारा आपला मुलगा, संसार सांभाळून पुन्हा पुस्तक हाती घेणारी आपली सून, यांची दोन वर्षे आणि गाठीचा पैसा या निवडीवर अवलंबून असतो. शुल्क परत मिळवता येईल एखादे वेळी. वर्षे मिळत नाहीत. तेव्हा पैसे भरण्याच्या आदल्या रात्री जाहिरात बाजूला ठेवा, आयोगाची यादी स्वतः उघडा आणि हे तीन प्रश्न क्रमाने विचारा. ज्ञानाची भूक पवित्र आहे. म्हणूनच तिला भेसळीचे अन्न मिळू नये.