मुद्रक जोडणी, घरगुती संगणकाची

घरगुती संगणकात तयार झालेला मजकूर, आज्ञावली वा चित्र कागदावर उमटविण्यासाठी त्याला डॉट मॅट्रिक्स मुद्रक जोडण्याची क्रिया. घरगुती संगणक ही संज्ञा येथे १९८० च्या सुमारास व त्यानंतरच्या दशकात प्रचारात आलेल्या, दूरचित्रवाणी संचाला जोडून वापरावयाच्या आठ-बिटी संगणकांपुरती मर्यादित आहे. भारतात असे संगणक मुख्यत्वे दोन मार्गांनी परिचित झाले. केंद्र शासनाने १९८४-८५ मध्ये शालेय संगणक शिक्षणाचा ‘क्लास’ हा प्रकल्प सुरू केला व प्रारंभी सु. २५० शाळांना बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक पुरविले. पुढे पुणे येथील डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने सिंक्लेअर स्पेक्ट्रम+ या संगणकाची परवानाप्राप्त आवृत्ती ‘डीबी स्पेक्ट्रम+’ या नावाने बाजारात आणली. महाराष्ट्रातील अनेक घरांत शिरलेला पहिला संगणक हाच होय. त्याला मुद्रक जोडणे हे वरवर पाहता तारेचे काम वाटते; प्रत्यक्षात तारेचा भाग थोडा असून संगणकाने पाठविलेल्या अंकाचा जो अर्थ अभिप्रेत आहे तोच मुद्रकाने घ्यावा, याची तजवीज करणे हा या कामाचा मोठा भाग आहे.

डॉट मॅट्रिक्स मुद्रकाच्या शीर्षात उभ्या ओळीत बारीक तारा किंवा सुया बसविलेल्या असतात. विद्युत् चुंबकाच्या साहाय्याने सुई पुढे फेकली जाऊन शाईच्या फितीवर आदळते व कागदावर एक ठिपका उमटतो. शीर्ष आडवे सरकत असता योग्य क्षणी योग्य सुया मारल्याने ठिपक्यांच्या जाळीतून अक्षर तयार होते. एप्सन कंपनीच्या एमएक्स-८० (१९८०) या मुद्रकात ९ सुया होत्या. तो एका ओळीत ८० अक्षरे व सेकंदास ८० अक्षरे छापीत असे. त्याची आज्ञापद्धती इतकी रूढ झाली की नंतरच्या बहुतेक उत्पादकांनी आपले मुद्रक त्याबरहुकूम बनविले. जुन्या संगणकाचा वापर करणाऱ्याला आजही जो लाभ होतो तो यामुळेच.

जोडणीचे दोन प्रकार आहेत. समांतर जोडणीत एका अक्षराचे आठही बिट आठ वेगळ्या तारांतून एकाच वेळी पाठविले जातात. ही पद्धत अमेरिकेतील सेंट्रॉनिक्स कंपनीने १९७० मध्ये आपल्या मुद्रकासाठी वापरली व तिचेच नाव तिला पडले. मुद्रकाच्या बाजूला ३६ टोकांची खोबण असते. तीतील २ ते ९ या टोकांवर माहिती येते. पहिले टोक ‘स्ट्रोब’चे व अकरावे ‘बिझी’चे. संगणक प्रथम माहितीच्या तारांवर अक्षराचा अंक मांडतो, नंतर स्ट्रोबची तार सु. अर्धा मायक्रोसेकंद किंवा अधिक काळ शून्य व्होल्टवर आणतो. तो इशारा मिळताच मुद्रक अक्षर उचलतो व पुढील अक्षर घेण्यास मोकळा होईपर्यंत बिझीची तार वर ठेवतो. दहाव्या टोकावरून पोच दिली जाते. ही देवघेव पाळली गेली नाही, तर संगणक मुद्रकापेक्षा हजारो पटींनी वेगवान असल्याने मधली अक्षरे गळतात.

क्रमिक जोडणीत (आरएस-२३२) बिट एकाच तारेवरून एकामागून एक जातात. येथे वेग, बिटांची संख्या, समता व थांबा-बिट या चारही गोष्टी दोन्ही बाजूंना सारख्याच लावाव्या लागतात. त्यांपैकी एक चुकली तरी कागदावर निरर्थक चिन्हे उमटतात. समांतर जोडणीत सर्व संकेत ० ते ५ व्होल्टच्या आत असतात, तर क्रमिक जोडणीत ते सामान्यतः उणे व अधिक १२ व्होल्टपर्यंत जातात. पुढे २५ टोकांची एकाच घडणीची खोबण दोन्ही कामांसाठी वापरात आल्यामुळे केवळ बसते म्हणून तार बसविण्याचा मोह होतो. त्यात समांतर बाजूचे मंडल जळण्याचा धोका आहे. दोन्ही सोयी उपलब्ध असल्यास नवख्याने समांतर जोडणीच निवडणे इष्ट.

बीबीसी मायक्रोत मुद्रकासाठी समांतर खोबण मुळातच दिलेली आहे. ‘व्हीडीयू २’ या आज्ञेने पडद्यावर जाणारा मजकूर मुद्रकाकडेही जाऊ लागतो व ‘व्हीडीयू ३’ ने तो थांबतो. स्पेक्ट्रमला मात्र अशी खोबण नाही. त्याच्यासाठी सिंक्लेअर कंपनीने काढलेला छोटा मुद्रक ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या अरुंद कागदावर ठिणगीने मुलामा जाळून ओळीत ३२ अक्षरे उमटवीत असे. पूर्ण रुंदीच्या मुद्रकासाठी संगणकाच्या मागील उघड्या धारेवर एक जोडपेटी बसवावी लागते. सिंक्लेअरच्याच ‘इंटरफेस १’ (१९८३) मध्ये क्रमिक जोडणी होती. केम्पस्टनसारख्या इतर कंपन्यांच्या जोडपेट्या समांतर होत्या. या धारेवर प्रक्रियकाचे संकेत थेट बाहेर आलेले असल्याने वीज चालू असता जोडपेटी लावणे किंवा काढणे संगणकास घातक ठरते. पेटी किंचित तिरकी बसली तरी शेजारची टोके जुळतात. असे बिघडलेले संच दुरुस्त करणाऱ्यांना हे कारण चांगलेच ठाऊक आहे.

तार जुळल्यावर पहिली अडचण येते ती ओळीच्या शेवटी. शीर्ष डावीकडे आणण्याचा संकेतांक १३ व कागद एक ओळ पुढे सरकविण्याचा १० आहे. बीबीसी मायक्रो मूळ स्थितीत १० हा अंक मुद्रकाकडे जाऊ देत नाही. मुद्रकही स्वतःहून कागद सरकवीत नसेल, तर सर्व ओळी एकमेकींवर छापल्या जाऊन काळा पट्टा तयार होतो. इंटरफेस १ ची मजकुरासाठीची ‘टी’ वाहिनी उलट दोन्ही अंक पाठविते. तेव्हा मुद्रकही कागद सरकविण्याच्या स्थितीत असल्यास प्रत्येक ओळीनंतर एक ओळ कोरी राहते. मुद्रकातील बारीक कळींपैकी संबंधित कळ बदलल्याने किंवा बीबीसी मायक्रोत ‘स्टार एफएक्स ६,०’ ही आज्ञा दिल्याने हा दोष जातो. नादुरुस्त म्हणून बाजूला टाकलेला मुद्रक पुष्कळदा याच कळीचा बळी असतो.

दुसरी अडचण संकेतांकांची. स्पेक्ट्रम आपल्या बेसिक भाषेतील प्रत्येक आज्ञाशब्द एकाच अंकाने साठवितो, उदा., ‘प्रिंट’ हा शब्द २४५ या अंकाने. हा अंक जसाच्या तसा गेल्यास एप्सनच्या आरएक्स व एफएक्स मालिकांतील मुद्रक तिरप्या वळणाचे यू हे रोमन अक्षर छापतो, कारण त्याच्या कोष्टकात १६० पासून पुढे तिरपी अक्षरे आहेत. ‘टी’ वाहिनी अंकांचे पुन्हा शब्द करते, म्हणून ‘एललिस्ट’ आज्ञेने आज्ञावली छापताना तीच वापरावी. परंतु ही वाहिनी ३२ च्या खालचे, १३ खेरीजचे अंक अडवून ठेवते. मुद्रकाला अक्षराचे वळण, ओळींतील अंतर इ. विषयीच्या बहुतेक आज्ञा ‘एस्केप’ या २७ व्या अंकापासून सुरू होतात. त्या ‘बी’ वाहिनीतूनच पाठवाव्या लागतात.

मराठी मजकुराच्या बाबतीत प्रश्न अधिक खोल जातो. अशा मुद्रकाच्या कोष्टकात देवनागरी अक्षराला अंकच नाही. म्हणून अक्षर पाठविता येत नाही, ठिपकेच पाठवावे लागतात. ‘एस्केप के’ या आज्ञेनंतर येणारा प्रत्येक अंक आठ सुयांचा एक उभा स्तंभ मानला जातो. अंकाचा सर्वांत वरचा बिट म्हणजे सर्वांत वरची सुई. स्पेक्ट्रमच्या पडद्यावरील आठ ठिपके मात्र आडवे साठविलेले असतात. म्हणून ८ × ८ चा प्रत्येक तुकडा आडव्याचा उभा करून पाठविणारी छोटी आज्ञावली लिहावी लागते. पडद्याची रुंदी २५६ ठिपके आहे. इंचास ६० ठिपके या हिशेबाने ती कागदावर सव्वाचार इंचांहून थोडी अधिक भरते. उभ्या दिशेस इंचात ७२ ठिपके बसत असल्याने पडद्यावर गोल दिसणारा ‘ठ’ कागदावर थोडा पसरट होतो.

आठ ठिपक्यांच्या उंचीत वेलांटी, शिरोरेखा, अक्षर व उकार ही सर्व मावत नाहीत. वाचनीय देवनागरीसाठी किमान १६ ठिपके, म्हणजे शीर्षाच्या दोन फेऱ्या लागतात. दोन फेऱ्यांमध्ये कागद ८/७२ इंचच सरकावा लागतो. नेहमीचे १/६ इंच अंतर राहिले तर काना मधोमध तुटतो. दोन्ही दिशांनी छापण्याची सोय बंद केली नाही, तर तोच काना वाकडा सांधला जातो. ॲमस्ट्रॅड सीपीसी ४६४ (१९८४) या संगणकात मुद्रकासाठी सातच माहिती-तारा होत्या. इंग्रजी मजकुरास त्या पुरतात. ठिपके पाठविताना मात्र वरची सुई कधीच उठत नाही, आणि शिरोरेखा त्या सुईवर योजिली असल्यास संपूर्ण मजकूर शिरोरेखेविना उमटतो. घरगुती संगणकांवर हे सर्व ज्याचे त्याने करावयाचे होते. व्यक्तिगत संगणकांसाठी आयआयटी, कानपूर येथे सुरू झालेले व १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेने पुढे नेलेले ‘जिस्ट’ तंत्र आल्यावर हा भार वापरणाऱ्यावरून उतरला. भारतीय लिप्यांच्या ‘इस्की’ संकेतांकांना १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली.

ठिपक्यांनी छपाई करताना एका पानास काही मिनिटे लागतात व तेवढा वेळ घरगुती संगणक दुसरे काम करू शकत नाही. वीज क्षणभर गेली तरी त्याची स्मृती पुसली जाते. बुलढाणा जिल्ह्यातील धाडसारख्या गावी, जेथे शहरापेक्षा वीज खंडित होण्याचा संभव अधिक, तेथे छपाईपूर्वी मजकूर ध्वनिफितीवर उतरवून ठेवणे हाच उपाय आहे. मूळ मुद्रक मिळाला नाही तरी काम अडत नाही. कार्बन प्रतींच्या पावत्या व खातेपुस्तिका यांसाठी डॉट मॅट्रिक्स मुद्रक अद्याप तयार होतात आणि एप्सन एलएक्स-३१० सारख्या नऊ सुयांच्या मुद्रकात समांतर व क्रमिक या दोन्ही खोबणी, तसेच जुनी एस्केप आज्ञापद्धतीही आहे. बाजारात मिळणारी यूएसबीपासून समांतर जोडणी करणारी तार मात्र येथे निरुपयोगी होय. तिला चालविणारी आज्ञावली नव्या संगणकात असते, स्पेक्ट्रमच्या १६ किलोबाइटच्या कायम स्मृतीत नाही.