दहा हजार साठलेत, जुना डेल आहे: ग्राफिक्स कार्ड आधी घ्यायचं का?

ज्यांना पूर्ण भाग ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी तो इथे लिहून काढलाय, बोलण्यातला फापटपसारा थोडा गाळून.

माहुलच्या प्रकल्पग्रस्तांच्या कॉलनीतून एक व्हॉइस नोट आली होती. "दादा, घरी सेकंडहँड डेल ऑप्टिप्लेक्स ९०२० आहे, टॉवरवाला. आय५-४५७०, ८ जीबीची एकच रॅम, हार्ड डिस्क. दहा हजार साठलेत. आरएक्स ५८० घेऊ का? ताईचा अभ्यास आणि तिचे फॉर्म पण याच पीसीवर असतात, म्हणून जरा टेन्शन आहे."

टेन्शन बरोबर आहे. आरएक्स ५८० घेऊ नकोस. कार्ड वाईट आहे म्हणून नाही, तुझ्या डब्यातला एसएमपीएस त्याला पुरणार नाही म्हणून.

हिशोब बघा. आरएक्स ५८० एकटं १८५ वॉटच्या आसपास ओढतं आणि त्याला ८ पिनची वेगळी पॉवर केबल लागते. ९०२० च्या टॉवरमध्ये डेलचा एसएमपीएस २९० वॉटचा असतो आणि त्यात कार्डासाठीची ती केबलच नसते. मग दुकानदार म्हणतो, "साटाचा कन्व्हर्टर लावून देतो ना!" हे अजिबात करू नका. साटाचा कनेक्टर डिस्कसाठी बनवलेला आहे. त्यातून कार्डाएवढा करंट ओढला की प्लास्टिक वितळतं, कधी कधी जळतंही. एसएमपीएसच बदलू म्हणाल तर ९०२० च्या मदरबोर्डला नेहमीची २४ पिन नाही, डेलची स्वतःची ८ पिन आहे. त्याचा कन्व्हर्टर मिळतो आणि चालतोही, पण बरोबर चांगला एसएमपीएस घ्यावा लागेल. दहा हजार तिथेच निम्मे संपले.

ज्यांचा पीसी असेंबल केलेला आहे त्यांनी एसएमपीएसचं लेबल वाचा. वर मोठ्या अक्षरात ४५० लिहिलेलं असतं, त्याकडे बघू नका. खाली +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपियर आहेत ते बघा आणि १२ ने गुणा. १८ अँपियर असतील तर २१६ वॉट. प्रोसेसर आणि कार्ड दोघांना मिळून एवढंच मिळणार. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या डब्यांचं हे गणित बहुतेक वेळा रडवतं. स्वस्त एसएमपीएस मरताना कधी कधी बोर्ड आणि डिस्क बरोबर घेऊन जातो, आणि त्या डिस्कवर ताईचं सगळं काम आहे. आणखी एक: कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर सॉकेटला अर्थिंग आहे का ते आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा.

मग पैसे कुठे घालायचे? ठरवण्याआधी मोजा, ते फुकट आहे. एमएसआय आफ्टरबर्नर टाका, गेम चालू असताना कोपऱ्यात आकडे दिसतात. ग्राफिक्सचा वापर ९५ टक्क्यांच्या वर चिकटलाय तर कार्ड कमी पडतंय. ग्राफिक्स ५०-६० वर आरामात बसलंय आणि प्रोसेसरचा एखादा कोअर १०० वर आहे, तर नवीन कार्ड आणूनही फरक पडणार नाही. रॅम भरलेली आणि डिस्क १०० टक्के, तर अडकणं तिथून येतंय. सॉफ्टवेअर नको असेल तर गेमचं रिझोल्यूशन ७२० पी करून बघा. फ्रेम भरपूर वाढल्या तर दोष ग्राफिक्सचा, तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसरचा.

या मशीनमध्ये कार्डच नाही, प्रोसेसरमधलं एचडी ४६०० आहे. म्हणजे फ्रेम वाढवणार शेवटी कार्डच, यात वाद नाही. तरी मी पहिला खर्च एसएसडीवर करेन. हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे एमबीच्या आसपास वाचते, साटा एसएसडी पाचशेच्या वर. फ्रेमचा आकडा तेवढाच राहील, पण जीटीए ५ मध्ये जोरात गाडी चालवताना रस्ता उशिरा उगवतो, ते कमी होईल. ताईचा ब्राउझर झटक्यात उघडेल. आणि उद्या नवीन मशीन घेतलं तर ही एसएसडी तशीच काढून त्यात लावता येईल.

दुसरी गोष्ट रॅम, ८ जीबीची अजून एक, शक्यतो तशीच. इथे १६ जीबी होण्याइतकंच महत्त्व दोन काड्या असण्याला आहे. आत असलेलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी आणत नाही, रॅमच वापरतं. एका काडीवर त्याला एकच रस्ता मिळतो, दोनवर दोन. ही डीडीआर३ आहे, नव्या बोर्डात चालणार नाही, म्हणून सेकंडहँडच घ्या. नव्या रॅमचे भाव २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरमुळे असे चढले की मायक्रॉनने डिसेंबरमध्ये आपला क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं.

आता कार्ड. जीटीएक्स १६५०, तेही वेगळी पॉवर केबल न लागणारं मॉडेल. ७५ वॉट, सगळे स्लॉटमधूनच घेतं. ५८० पेक्षा हळू आहे, हो. पण या डब्यात ते चालेल. आरएक्स ६४०० नवीन आणि आकर्षक दिसेल, पण ते चारच लेनवर चालतं आणि या जुन्या बोर्डावर त्याचा वेग पडतो. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही, म्हणजे रेकॉर्डिंग-स्ट्रीमिंगवाल्यांनी विसरा. लॅमिंग्टन रोडवर सेकंडहँड घेताना पंधरा मिनिटं गेम चालवून दाखवायला सांगा, आणि जीपीयू-झेडमध्ये नाव तपासा. ५८० म्हणून २०४८एसपी हे कापलेलं मॉडेल गळ्यात मारतात, ते असंच पकडलं जातं. हे तिन्ही दहा हजारांत बसलं नाही तर कार्डाला दोन महिने थांबवा. व्हॅलोरंटच्या किमान यादीत एचडी ४००० आहे, तोवर कमी सेटिंगवर खेळता येईल.

आणि या सगळ्याच्या आधी, शून्य रुपयांचं काम: साफसफाई. माहुलमध्ये हे जरा जास्त गंभीर आहे. एका बाजूला रिफायनरी, टाक्या, खताचा कारखाना, दुसऱ्या बाजूला खाडी. राष्ट्रीय हरित लवादाने इथल्या हवेबद्दल २०१५ मध्ये निकाल दिला आणि २०२० मध्ये कंपन्यांना दंडही लावला. तिथे माणसांच्या फुप्फुसांचा प्रश्न असताना मी पीसीबद्दल बोलतोय, हे मलाही विचित्र वाटतं. पण हवा तीच आहे. गंधकाचे वायू आणि दमटपणा एकत्र आले की तांबं आणि चांदी काळी पडते, आणि बोर्डावरच्या बारीक रेषा, कनेक्टर त्याच धातूंचे असतात. त्यात २२५ चौरस फुटांच्या घरात गॅसची शेगडी पीसीपासून चार पावलांवर. फोडणीचा धूर धुळीला चिकट करतो आणि ती पंख्यावर थापल्यासारखी बसते.

म्हणून डबा जमिनीवर नको, खिडकी आणि ओट्यापासून लांब. हवा आत घेणाऱ्या जाळीला धुता येईल असा फिल्टर लावा. दर दोन महिन्यांनी ब्लोअर मारा, मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. अचानक डिस्प्ले गेला तर आधी प्लग काढा, रॅम बाहेर काढा, तिचे पिवळे पॉइंट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि परत बसवा. दुकानात "बोर्ड गेला" म्हणून सांगितलेली बरीच मशीनं एवढ्यावर चालू होतात. पावसाळ्यात पीसी आठवडाभर बंद ठेवू नका, रोज थोडा वेळ चालला की आत ऊब राहते आणि ओल बसत नाही.

एक मर्यादा मात्र आहे. ही २०१३ ची चिप आहे. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून या डब्यात एसएसडी, एक काडी, एक छोटं कार्ड, बस. त्यापुढचा प्रत्येक रुपया नव्या बोर्डासाठी बाजूला टाका. तेव्हा एसएसडी आणि १६५० दोन्ही तिकडे जातील, आणि हा डेल ताईला फॉर्म भरायला राहील.

तुमच्या एसएमपीएसच्या लेबलचा फोटो आणि आफ्टरबर्नरचा स्क्रीनशॉट पाठवा, पुढच्या भागात दोन-तीन मशीनं घेऊ.