डॉक्टर थांबतात तिथून पुढे

बंगळूरच्या आग्नेय अंगाला, होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्या बेचक्यात एचएसआर लेआउट वसलेलं आहे. सात सेक्टर, कडेला आगरा तलाव आणि एका टोकाला वाहनांच्या गर्दीसाठी देशभर ठाऊक झालेला सिल्क बोर्डचा चौक. माहिती तंत्रज्ञानातल्या नोकरीसाठी महाराष्ट्रातून गेलेली अनेक कुटुंबं या भागात राहतात. याच वसाहतीत ‘समर्थनम ट्रस्ट फॉर द डिसेबल्ड’ या संस्थेचं मुख्य कार्यालय आहे. १९९७ मध्ये महांतेश किवडसण्णवर आणि त्यांचे मित्र एस. पी. नागेश यांनी ही संस्था सुरू केली. दोघेही दृष्टिहीन.

महांतेश मूळचे बेळगाव जिल्ह्यातले. सहा महिन्यांचे असताना त्यांना टायफॉइड झाला आणि त्यात दृष्टी गेली. मुदतीचा ताप म्हणून आपल्या आजी-पणजीला पुरेपूर ओळखीचा असलेला हा आजार दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरतो. म्हणजे त्या बाळाच्या आयुष्याची दिशा बदलली ती टाळता येण्याजोग्या आजाराने. पुढे त्याच बाळाने मोठं होऊन हजारो अपंग मुलांच्या शिक्षणाची, रोजगाराची आणि खेळाची सोय उभी केली. या एका आयुष्यात आपल्या आरोग्यव्यवस्थेला विचारायचे दोन प्रश्न आहेत. जे अपंगत्व टाळता येतं, ते आपण टाळतो का? आणि जे टळलं नाही, त्या माणसाचं पुढे काय होतं? पहिल्या प्रश्नावर पुष्कळ संशोधन झालं आहे. दुसरा मात्र बहुतेक वेळा सेवाभावी संस्थांच्या दारात सोडून दिलेला आहे.

पहिल्या प्रश्नाचं एक ठळक उत्तर महाराष्ट्रातच सापडतं. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने टायफॉइडच्या नव्या, संयुग्मित लसीची शिफारस केली. जुन्या लसी अगदी लहान मुलांना देता येत नसत. ही लस सहा महिन्यांच्या बाळालाही चालते. त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये नवी मुंबई महानगरपालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षं वयाच्या एक लाखाहून अधिक मुलांना ती टोचली. सार्वजनिक आरोग्यसेवेतून या लसीची मोहीम राबवणारी ही जगातली पहिली यंत्रणा ठरली. मोहीम टप्प्याटप्प्याने आखल्यामुळे लस मिळालेले आणि न मिळालेले भाग ताडून पाहता आले, आणि लसीचा गुण रोजच्या जगण्यात मोजता आला. महानगरपालिकेचा दवाखाना आणि संशोधन एकत्र आले की काय घडतं, याचा हा उत्तम दाखला आहे.

‘अ’ जीवनसत्त्वाची गोष्ट जुनी आहे. त्याच्या कमतरतेने आधी रातांधळेपणा येतो, मग बुबुळ कोरडं पडतं आणि शेवटी विरघळून जातं. गोवर झालेल्या कुपोषित मुलात हे फार झपाट्याने होतं. १९७० पासून देशात या जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा कार्यक्रम आहे. नवव्या महिन्यात एक लाख युनिट, पुढे दर सहा महिन्यांनी दोन लाख, असे पाच वर्षांपर्यंत नऊ डोस. अंगणवाडीत चमच्याने पाजल्या जाणाऱ्या त्या पिवळसर औषधाने किती डोळे वाचवले असतील, याचा विचार आपण क्वचितच करतो.

आता धोका वेगळ्या दिशेने येतो आहे. वेळेआधी जन्मलेली, हजार-बाराशे ग्रॅम वजनाची बाळं आज जिल्ह्याच्या ठिकाणीही काचेच्या पेटीत जगतात. पण डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांची वाढ गर्भाच्या शेवटच्या आठवड्यांत पुरी होते. बाळ आधी जन्मलं आणि त्याला प्राणवायू बेतशीर दिला गेला नाही, तर या वाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात. पडदा सुटला की दृष्टी कायमची जाते. उपचाराची संधी असते ती काही दिवसांचीच. म्हणून दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा चौतीस आठवड्यांआधी जन्मलेल्या प्रत्येक बाळाचा पडदा तीस दिवसांच्या आत तपासायला हवा. फारच लहान बाळांचा त्याहून लवकर.

अडचण अशी की हा पडदा वाचू शकणारे तज्ज्ञ मोठ्या शहरांत असतात आणि बाळं तालुक्यात. यावर बंगळूरच्या नारायण नेत्रालयाने २००८ मध्ये तोड काढली. डॉ. आनंद विनेकर यांच्या पुढाकाराने ‘किड्रॉप’ हा उपक्रम सुरू झाला. प्रशिक्षित तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन गाडीने जिल्ह्याजिल्ह्यातल्या नवजात कक्षांत जातात, पडद्याची छायाचित्रं घेतात, ती इंटरनेटवरून तज्ज्ञाकडे पोहोचतात आणि बाळाला लेसरची गरज आहे का हे ठरतं. डॉक्टर नसलेल्या तंत्रज्ञावर इतकं नाजूक काम सोपवता येईल का, ही शंका अभ्यासाने आणि सरावाने दूर करावी लागली.

इथवर आरोग्यशास्त्राची कामगिरी अभिमान वाटावा अशी आहे. पण मोजणीकडे वळलं की दुसरा प्रश्न उभा राहतो. २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार पन्नाशीपुढच्या लोकांत अंधत्वाचं प्रमाण १.९९ टक्के होतं आणि त्यातलं सुमारे दोन तृतीयांश अंधत्व शस्त्रक्रिया न झालेल्या मोतीबिंदूमुळे होतं. पन्नाशीच्या आत मात्र सर्वांत मोठं कारण बुबुळावरचं फूल हे होतं. ही माहिती मोलाची आहे. तिच्यामुळेच नेत्रशिबिरं कुठे हवीत आणि नेत्रपेढ्या का हव्यात हे ठरवता येतं.

याच सुमारास, २०१७ मध्ये, अंधत्वाची सरकारी व्याख्या बदलली. पूर्वी ६/६० पेक्षा कमी दृष्टी म्हणजे अंधत्व होतं. निरोगी डोळा जे साठ मीटरवरून पाहतो, ते सहा मीटरवरूनही दिसत नसेल तर तो माणूस अंधांत मोजला जाई. नवी सीमा ३/६० झाली. जागतिक व्याख्येशी मेळ बसवणं आवश्यक होतं, यात वाद नाही. पण एका ओळीच्या बदलाने काही माणसं अंधांच्या गणनेतून बाहेर पडली. त्यांना आदल्या दिवशीइतकंच दिसत होतं. बसची पाटी दिसत नव्हती, फळ्यावरची अक्षरं दिसत नव्हती. आकडा डोळ्याचा असतो. माणसाला काय करता येतं आणि काय अडतं, हे त्यात येत नाही.

आता एचएसआर लेआउटकडे परत जाऊ. समर्थनमच्या कामात शाळा आणि वसतिगृहं आहेत, तरुणांसाठी रोजगाराचं प्रशिक्षण आहे, कलापथक आहे आणि क्रिकेट आहे. दृष्टिहीनांच्या क्रिकेटची राष्ट्रीय संघटना याच संस्थेच्या आधाराने चालते. २०१२, २०१७ आणि २०२२ या तिन्ही टी-ट्वेंटी विश्वचषकांचे अंतिम सामने बंगळुरात झाले आणि तिन्ही भारताने जिंकले.

या खेळाचे नियम आरोग्याच्या अभ्यासकाने मुद्दाम समजून घ्यावेत. खेळाडूंचे तीन वर्ग असतात. ‘बी-१’ पूर्ण दृष्टिहीन, ‘बी-२’ म्हणजे साधारण २/६० पर्यंतची दृष्टी आणि ‘बी-३’ म्हणजे ६/६० पर्यंतची. अकरा जणांत किमान चार पूर्ण दृष्टिहीन असावेच लागतात. चेंडू कडक प्लॅस्टिकचा. आत छर्रे, त्यामुळे तो वाजतो. गोलंदाज ‘रेडी?’ विचारतो, फलंदाजाचा होकार आला की ‘प्ले’ म्हणत खांद्याखालून चेंडू टाकतो, आणि तो खेळपट्टीच्या मध्याआधी टप्पा घेतो. पूर्ण दृष्टिहीन फलंदाजाची प्रत्येक धाव दुप्पट धरली जाते. दवाखान्यात जो आकडा उणीव सांगतो, तोच इथे संघातली जागा ठरवतो, आणि कमी दिसणाऱ्याची गरज संघाला अधिक असते. सोबतीला पळणं, वाकणं, आवाजावरून अंतर जोखणं. लहानपणापासून ‘पडशील, बसून राहा’ एवढंच ऐकलेल्या शरीराला हा व्यायाम औषधासारखा लागू पडतो.

२३ नोव्हेंबर २०२५ रोजी कोलंबोत दृष्टिहीन महिलांचा पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक भारताने नेपाळला सात गडी राखून हरवून जिंकला. कर्नाटकची दीपिका टी. सी. कर्णधार होती आणि महाराष्ट्राची गंगा कदम उपकर्णधार. खेड्यातल्या दृष्टिहीन मुलीला मैदानापर्यंत पोहोचायला नुसती हिंमत पुरत नाही. कुणीतरी तिला शाळेत घालावं लागतं, काठी घेऊन एकटीने चालायला शिकवावं लागतं, बसमध्ये चढवून द्यावं लागतं. यालाच पुनर्वसन म्हणतात, आणि ते उपचाराचाच पुढचा भाग आहे.

आपल्या नेत्ररुग्णालयांत मात्र ‘आता काही होण्यासारखं नाही’ या वाक्याशी कागद बंद होतो. त्या दिवशी त्या कुटुंबाला पुढचा पत्ता मिळत नाही. अपंगत्वाचा दाखला कुठे काढायचा, पांढरी काठी कोण शिकवतं, मोबाईल बोलता कसा करायचा, जवळची शाळा कोणती, हे त्यांनी आपापलं हुडकायचं. मुंबईत दादरची अंधशाळा १९०० पासून आहे, राष्ट्रीय अंधजन संघटना १९५२ पासून; पुण्याच्या अंधजन मंडळाची परंपराही तितकीच जुनी. संस्था आहेत, रुग्णालयं आहेत. त्यांना जोडणारी एक साधी चिठ्ठी नाही.

आणि दृष्टी गेलेल्या माणसाला डोळ्यांखेरीजही आजार होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात १३० कोटी लोक लक्षणीय अपंगत्वासह जगतात. त्यांतल्या काहींचं आयुष्य इतरांपेक्षा वीस वर्षांपर्यंत कमी भरतं. मधुमेह, पक्षाघात, नैराश्य यांचा धोका दुपटीपर्यंत असतो. याचं कारण फक्त शरीरात नाही. टोकन क्रमांक नुसता पडद्यावर उमटतो, गोळ्यांच्या पट्ट्या हाताला सारख्याच लागतात, तपासणीचा अहवाल बोलक्या सॉफ्टवेअरला न वाचता येणाऱ्या चित्ररूपात येतो, आणि डॉक्टर रुग्णाशी न बोलता सोबत आलेल्याशी बोलतात. बाईला आपली अडचण शेजाऱ्याच्या मुलादेखत सांगावी लागते. मग ती सांगतच नाही. कोरोनाच्या काळात लसीची नोंदणी ‘कोविन’वर करायची होती, तेव्हा ते संकेतस्थळ अपंगांना वापरता येतं का हे तपासण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये द्यावा लागला.

संमतीच्या बाबतीत तर महाराष्ट्राने फार काळी आठवण जपून ठेवायला हवी. १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. मासिक पाळीची स्वच्छता राखता येत नाही, हे कारण देण्यात आलं. त्या मुलींना कुणी विचारलं नाही. स्त्रीसंघटनांनी आवाज उठवल्यावर पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. काळजीच्या नावाखाली माणसाचा हक्क किती सहज पुसता येतो, हे तेव्हा दिसलं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने याला उत्तर दिलं आहे. त्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसवर नेले. कलम १० सांगतं की वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय क्रिया व्यक्तीच्या मुक्त आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय करता येणार नाही. कलम २५ प्रत्येक दवाखान्यात अडथळामुक्त प्रवेश आणि उपचारांत प्राधान्य देतं. कलम ६ प्रमाणे अपंग व्यक्तीवर संशोधन करायचं तर तिला समजेल अशा माध्यमातून संमती घ्यावी लागते, शिवाय एका समितीची पूर्वपरवानगी लागते. त्या समितीत निम्म्याहून कमी नाहीत इतके सदस्य स्वतः अपंग असावेत किंवा त्यांच्या नोंदणीकृत संघटनांचे असावेत. ज्याच्या शरीराचा अभ्यास होणार, त्याच्यासारखी माणसं निर्णयाच्या टेबलापाशी बसतील, असं हा कायदा म्हणतो.

ही समिती आपल्या राज्यात खरोखर काम करते का, हे वैद्यकीय महाविद्यालयांनी, विद्यापीठांनी आणि पत्रकारांनी विचारायला हवं. महांतेश यांच्यासारख्यांकडे जे ज्ञान आहे, ते कुठल्याही प्रयोगशाळेत नाही. दृष्टीविना शहर कसं ओलांडायचं, दहावीचं गणित कसं शिकायचं, मैदानावर चेंडू कसा शोधायचा, हे त्यांनी जगून शिकलेलं आहे. संशोधनाचे प्रश्न ठरवताना ते हाताशी नसेल, तर आपण डोळे मोजत राहू आणि माणसं सुटत जातील.

म्हणून नेत्रतज्ज्ञांना एक विनंती. ज्या दिवशी उपचार संपल्याचं सांगाल, त्याच दिवशी पुनर्वसन संस्थेचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद रुग्णाच्या हाती द्या. आणि वाचकहो, घरात किंवा नात्यात वेळेआधी बाळ जन्मलं असेल तर तीस दिवसांच्या आत त्याच्या डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. ओळखीत कुणी दृष्टिहीन असेल तर त्याला दवाखान्यात नेताना डॉक्टरांना सांगा: बोला, पण त्याच्याशी बोला.