मुंबई ते न्यूयॉर्क : किती लांब, किती वेळ?

कुणी सीनियर एम.एस.साठी अमेरिकेला निघाला की त्याच्या घरी पहिला प्रश्न असतो, “पोरगं पोचणार कधी?” तिकिटावर बघावं तर मुंबई रात्री 2, न्यूयॉर्क सकाळी 8.30, तारीख तीच! म्हणजे फक्त साडेसहा तास? बीडहून मुंबईला ट्रॅव्हल्सनं जायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. चला, हिशोबच करू.

आधी अंतर. बीड-मुंबई सरळ मोजलं तर साधारण 300 किमी, पण रस्त्यानं 400च्या आसपास. विमानाला घाट नाही, वळण नाही. मग ते नकाशावर पट्टी ठेवून आखलेल्या रेषेवरून जात असेल? नाही! भिंतीवरच्या मर्केटर नकाशावरची ती सरळ रेष प्रत्यक्षात सुमारे 14,200 किमी भरते. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे सर्वात जवळचा मार्ग म्हणजे ‘ग्रेट सर्कल’चा तुकडा, सुमारे 12,530 किमी. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा. तो मुंबईहून पश्चिमेला न जाता वायव्येला चढतो, सेंट पीटर्सबर्गजवळून आइसलंडवर जातो आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडाकडे उतरतो. तब्बल 1,700 किमी वाचले!

आता वेळ. ताशी 900 किमीनं 14 तास होतात. पण वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे असतात. समजा सरासरी 60 किमीचा वारा समोरून आला, तर वेग उरला 840, म्हणजे 15 तास. येताना तोच वारा पाठीशी, म्हणून 13 तास.

शिवाय आकाशालाही हद्दी असतात. 2022 साली युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर रशियानं अनेक पाश्चात्त्य देशांच्या विमानांना, आणि एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली. मग वळसे आले, आणि काही विमानांना तर वाटेत इंधनासाठी थांबावं लागलं.

मग ते साडेसहा तास कुठून आले? तिकिटावर दोन्ही वेळा तिथल्या-तिथल्या घड्याळाच्या असतात. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे. 6.5 + 9.5 = 16 तास. जमलं!

म्हणून जाणाऱ्यानं घरी भारतीय वेळच सांगून ठेवावी : विमान संध्याकाळी 6 ला उतरेल, इमिग्रेशनची लाईन धरून फोन 8 पर्यंत येईल. नाहीतर आई सकाळी साडेआठपासून फोनजवळ बसून राहते.

आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे तारीख. तिकिटावर ‘15 तारीख, रात्री 2’ असेल तर ती 14 ची रात्र! तीन तास आधी विमानतळावर, म्हणजे 14 ला रात्री 11 ला. बीड जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही, रस्त्याचे नऊ-दहा तास धरा. 14 ला सकाळीच बीड सोडायचं. 15 ला निघालात तर विमान केव्हाच आइसलंड ओलांडून गेलेलं असेल!